वच्छोमी : वेषाची चाल आणि गांवाचें नांव

तयार सदरा विकत घेतला म्हणजे त्याच्या गळ्याच्या आंतल्या बाजूस एक चिमुकली पट्टी शिवलेली आढळते. तिच्यावर एखादें नांव विणलेलें असतें. कापूस कोणीं पिकविला, सूत कोणीं काढलें, कापड कोठें विणलें गेलें व शिलाई कोणाच्या हातची, यांपैकीं कशाचाहि पत्ता त्या नांवावरून बहुधा लागत नाहीं. तथापि गिऱ्हाईक जी किंमत मोजतो ती पुष्कळ अंशीं त्या नांवाचीच असते. ही पट्टी फार जुनी नाहीं. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज गृहस्थानें १८५८ सालीं पॅरिस शहरांत आपली पेढी थाटली. तोंपर्यंत शिंप्यानें गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणें वस्त्र शिवावें अशी रीत होती. वर्थ स्वतःच नमुने ठरवूं लागला, ते जिवंत तरुणींच्या अंगावर घालून दाखवूं लागला, आणि चित्रकार चित्राखालीं सही करतो त्याप्रमाणें वस्त्राच्या आंत आपल्या नांवाची पट्टी शिवूं लागला. तेव्हांपासून वेष घालणाऱ्याचा, पण चाल मात्र शिवणाऱ्याची, असा प्रकार सुरू झाला.

आपल्या देशांत कापडाला नांव असे तें माणसाचें नव्हे, गांवाचें. पैठणी, चंदेरी, महेश्वरी, इरकली, नारायणपेठी या नांवांत विणकराचा उल्लेख नाहीं, व्यापाऱ्याचाहि नाहीं. गांवाचें नांव हीच मालाची हमी होती. वाशीमच्या नांवानें असें एखादें वस्त्र प्रसिद्ध नाहीं. परंतु वस्त्राहून अधिक सूक्ष्म अशा एका गोष्टीला या गांवानें आपलें नांव दिलें आहे, आणि स्त्रीपुरुषांच्या वेषाच्या चालीचा विचार संस्कृत साहित्यांत जेथें सर्वांत मनोरंजक रीतीनें आला आहे, तेथें कथेचा शेवट वाशीम येथेंच होतो. ही गोष्ट खुद्द वाशीमकरांपैकींहि थोड्यांनाच ठाऊक असेल.

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन यानें ती शाखा स्थापिली. तो केवळ राजा नव्हता, तर प्राकृत भाषेंत 'हरिविजय' हें काव्य रचणारा कवीहि होता. तें काव्य आज उपलब्ध नाहीं. याच वंशांतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं वाशीम येथें मिळाला. तो वत्सगुल्माहून दिलेला असून त्यांतील वंशावळीचा भाग संस्कृतांत व पुढचा मजकूर प्राकृतांत आहे. हा ताम्रपट हातीं आल्यावर वाकाटकांच्या या शाखेचा इतिहास नव्यानें मांडावा लागला, आणि महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तें काम पुढें तडीस नेलें.

या राजांचें राज्य लयास गेल्यावर सुमारें चारशें वर्षांनीं राजशेखर हा पंडित कवि होऊन गेला. तो कनोजच्या प्रतीहार राजांच्या आश्रयास होता. परंतु त्याचे पूर्वज महाराष्ट्रांतले होते व त्या गोष्टीचा त्याला अभिमानहि होता. त्याचा 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत १९१६ सालीं पहिलें पुष्प म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांतील तिसऱ्या अध्यायांत काव्यपुरुषाची कथा आहे. काव्यपुरुष हा सरस्वतीचा पुत्र. आईनें ब्रह्मदेवाच्या सभेस बरोबर नेलें नाहीं म्हणून तो रुसला व घर सोडून चालता झाला. त्याचा सवंगडी कार्तिकेय रडूं लागला. तेव्हां पार्वतीच्या मनांत आलें कीं, या मुलाला बांधून ठेवील असें प्रेमावांचून दुसरें बंधन नाहीं. तिनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्माण केली, आणि हा तुझा पति रागानें पुढें चालला आहे, त्याच्या मागोमाग जा व त्याला परत आण, असें तिला सांगितलें.

येथून जें घडतें तें वेषाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. तीं दोघें प्रथम पूर्वेकडे जातात. त्याला मोहविण्यासाठीं ती वधू मनास येईल तसा वेष धारण करते, आणि त्या देशांतल्या स्त्रिया तिचें पाहून तसाच वेष करूं लागतात. तो रुसलेला पुरुष सहज जसा असेल तसा चाललेला असतो, आणि त्या देशांतले पुरुष त्याचें पाहून तसाच पोशाख घालूं लागतात. गौड देशाच्या स्त्रिया ओल्या चंदनाची उटी लावून त्यावर नाजूक सर घालतात व पदर भांगापर्यंत ओढतात. पुढें पांचाल देशांत, म्हणजे कनोजच्या बाजूस, कानांतलीं भूषणें हेलकावे घेऊं लागतात आणि नेसूचें वस्त्र कमरेपासून घोट्यापर्यंत घेरदार होतें. अवंतीस, म्हणजे माळव्यांत, तर मोठी गंमत आहे. तेथें पुरुषांनीं पांचालांची चाल उचलली, बायकांनीं दक्षिणेची. एकाच घरांत नवरा उत्तरेचा वेष करतो आणि बायको दक्षिणेचा, हा अनुभव आजचा वाटतो. पण राजशेखरानें तो हजार वर्षांपूर्वीं नोंदवून ठेविला आहे.

या प्रवासांत ती वधू केवळ वेष बदलीत नाहीं. ती नाचते, हावभाव करते, आणि तिच्याशीं तो तुटक तुटक बोलतो. राजशेखरानें या तीन गोष्टींना तीन नांवें दिलीं आहेत. वेषाच्या मांडणीस त्यानें प्रवृत्ति म्हटलें, हालचालीच्या व विलासाच्या मांडणीस वृत्ति, आणि बोलण्याच्या मांडणीस रीति. हे शब्द भरताच्या नाट्यशास्त्रापासून व अलंकारशास्त्रापासून चालत आलेले आहेत. परंतु तिन्हींची अशी एकत्र मोळी बांधून ती देशोदेशींच्या लोकांना लावून दाखविण्याची कल्पना मोठी मार्मिक आहे. आजकाल फॅशन या एका शब्दांत आपण कपडे, चालण्याबोलण्याची ढब आणि भाषेचा थाट हें सर्व कोंबतों. राजशेखर तीं निराळीं करून पाहतो, आणि मग तीं एकमेकांस जुळतात कीं नाहीं याची परीक्षा करतो.

पूर्वेकडे तीं जुळलीं नाहींत. वेष व नृत्य थाटाचें होतें, पण काव्यपुरुषाचें मन वळलें नाहीं. तो लांबलचक समासांनीं व अनुप्रासांनीं भरलेलें बोलला, ती गौडी रीति. पांचालांत तो किंचित् वळला. समास आंखूड झाले, ती पांचाली. शेवटीं दक्षिणेंत तो पूर्णपणें वश झाला. त्याच्या बोलण्यांतले समास गळून पडले, अनुप्रास उगीच जागच्या जागीं राहिला, आणि शब्द सरळ अर्थाला जाऊन भिडूं लागला. हीच वैदर्भी रीति. राग गेल्यावर माणसाची भाषा साधी होते, हें मानसशास्त्र येथें अलंकारशास्त्राच्या पोटांत दडलेलें आहे! आणि मग विदर्भांत मदनाचें क्रीडास्थान असें जें वत्सगुल्म नगर, तेथें त्या दोघांचा गांधर्व विधीनें विवाह झाला. काव्य आणि साहित्य यांचें लग्न लागलें तें गांव हेंच.

राजशेखराच्याच 'कर्पूरमंजरी' या प्राकृत नाटकाच्या आरंभीं ज्या तीन रीतींचा उल्लेख येतो, त्यांत वैदर्भीच्या जागीं 'वच्छोमी' असें नांव आहे. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, आणि वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची चाल. संस्कृत कवींनीं ज्या शैलीला सर्वांत शिरोधार्य मानलें, तिच्यावर वाशीमच्या नांवाची पट्टी शिवलेली आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. ती कोणा एका पेढीची नव्हे. आणि ती ज्या गुणामुळें मिळाली तो गुण म्हणजे अवडंबराचा अभाव.

राजशेखरानें विदर्भांतल्या वेषाचें निराळें शब्दचित्र दिलेलें नाहीं; दक्षिणेचा नमुना म्हणून त्यानें केरळच्या स्त्रियांचे कुरळे केंस व घट्ट बांधलेली निरी वर्णिली आहे. ही उणीव भरून काढावयास अजिंठ्याकडे वळावें लागतें. वत्सगुल्म शाखेचा प्रख्यात राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव यानें सोळावें लेणें कोरविलें, तसा लेख त्या लेण्यावरच आहे. सतरावें लेणें हरिषेणाच्या एका मांडलिकानें करविलें. म्हणजे पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील या भिंती वाशीमच्या दरबाराच्या छायेंत रंगल्या. तेथें राजे व राण्या, दासी व शिकारी, परदेशी पाहुणे व भिकारी सर्व आहेत. राजपुरुषाच्या अंगावर मुकुट, हार व बाजूबंद भरगच्च असतात, पण वस्त्र पाहावें तर कमरेला एक आडवे पट्टे असलेलें आंखूड धोतर. राणीचें नेसू इतकें तलम कीं तें पट्ट्यांच्या रेघांवरूनच ओळखावें. उलट दासी, सैनिक आणि परके लोक यांच्या अंगांत शिवलेल्या चोळ्या, अंगरखे व टोप्या दिसतात. सतराव्या लेण्यांत आरसा हातीं घेऊन उभी असलेली स्त्री प्रसाधन करीत आहे, तिच्या भोंवतीं चवऱ्या व तबकें घेतलेल्या दासी आहेत. पहिल्या लेण्यांत हंसांची नक्षी असलेलें कापड आहे, आणि छतावर उंच टोप्या व पायमोजे घातलेले परदेशी लोकहि आहेत. त्या काळीं थोरपणाची खूण न शिवलेलें वस्त्र ही होती, शिवलेलें वस्त्र नव्हे. आज नेमकें उलट झालें आहे.

न शिवलेल्या वस्त्राची ही परंपरा वऱ्हाडांत अगदीं अलीकडेपर्यंत टिकली. पुरुषाचें धोतर आणि स्त्रीचें नऊ वारांचें लुगडें हीं मुळांत एकाच जातीचीं वस्त्रें. दोन्ही मागावरून उतरतात तशींच अंगावर येतात, दोहोंनाहि निऱ्या असतात, दोहोंचाहि कासोटा मागें खोंवला जातो. फरक लांबीचा, कांठाचा व पदराचा. वरच्या अंगास पुरुषाची बंडी व उपरणें, स्त्रीची चोळी. डोक्यास पुरुषाचें पागोटें, पुढें गांधी टोपी. कासोट्यामुळें पाय मोकळे राहतात. कापूस वेंचणाऱ्या बाईनें कमरेभोंवतीं ओटा बांधून ओळीनें पुढें सरकावें, वांकावें, उठावें, यासाठीं याहून सोयीची नेसण सांपडणें कठीण. स्त्रीपुरुषांच्या वेषांत जमीनअस्मानाचें अंतर असावें, ही कल्पना पुढें शिवलेल्या कपड्यांबरोबर आली. पाटलोण आणि परकर यांत निऱ्यांसारखें समान असें कांहींच नाहीं.

परंतु या जुन्या वेषाचें गुणगान करतांना एक गोष्ट विसरून चालत नाहीं. त्या काळीं पट्टी कपड्याच्या आंत नव्हती. कपडा हाच माणसावर लावलेली पट्टी होता. लुगडें गुडघ्यापर्यंत वर नेसावें कीं घोट्यापर्यंत सोडावें, दागिना सोन्याचा घालावा कीं चांदीकथलाचा, हें पुष्कळदां आवडीवर नव्हे, जातीवर ठरे. १९२७ च्या डिसेंबरांत महाड येथें परिषदेस जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांपुढें बोलतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं नेमकें याच ठिकाणीं बोट ठेविलें. तुमच्या नेसण्यावरून व अंगावरच्या जड दागिन्यांवरून लोक तुम्हांला ओळखतात. ती खूण टाकून द्या, नीटनेटकें व घोट्यापर्यंत लुगडें नेसा, हा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. स्त्रियांनीं तो तत्काळ अंमलांत आणला. नऊ वारांचें तेंच लुगडें, नेसण मात्र निराळी; कापडांत तसूचाहि फरक न होतां वेषाचा अर्थ पालटला. वेषाच्या इतिहासांत याहून मोठी घटना पॅरिसच्या कोणत्याहि पेढींत घडलेली नाहीं.

आतां कापसाकडे वळूं. सध्यांच्या वाशीम जिल्ह्यांतलें कारंजा हें गांव कापसाच्या व्यापाराच्या इतिहासांत मोठ्या मानाचें आहे. हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये १८८६ सालीं तेथें कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानांतला तो त्या प्रकारचा पहिला बाजार समजला जातो. पुढें १८९७ सालीं साऱ्या वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्याआधीं अमेरिकेंतल्या यादवी युद्धानें (१८६१ ते १८६५) तेथील कापूस अडकून पडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं सोन्याचा भाव आला होता. १८७० सालीं खामगांवपर्यंत लोहमार्ग पोंचला. कापूस गठ्ठ्यांनीं बाहेर गेला आणि कापड तागांनीं आंत आलें. त्या ताग्यांवर गिरणीची रंगीत छाप असे. गांवोगांवच्या कोष्ट्यासाळ्यांचे माग हळूहळू थांबले.

त्याच युद्धानें आणखी एक गोष्ट केली, तिचा संबंध आजच्या दुकानाशीं आहे. अमेरिकन सरकारला हजारों शिपायांचे गणवेष एकदम शिवावयाचे होते. प्रत्येकाचें माप घेणें शक्य नव्हतें. शिपायांचीं मापें जमवून पाहतां असें दिसलें कीं, छाती व कंबर यांचीं ठराविक प्रमाणें पुनः पुनः येतात. त्यावरून पुरुषांच्या तयार कपड्यांचे आंकडे ठरले. बायकांच्या बाबतींत ही व्यवस्था फार उशिरां आली. १९३९ व १९४० सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यानें सुमारें १५,००० स्त्रियांचीं मापें घेतलीं, तेव्हां कोठें तिकडे स्त्रियांच्या मापांना शास्त्रीय आधार मिळाला. आपल्याकडे दुकानांत आजहि परदेशी आंकडे चालतात. ते बदलावे म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें भारतीय अंगमापांचें सर्वेक्षण हातीं घेतलें. त्यासाठीं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, बंगळूर, हैदराबाद व शिलाँग हीं सहा शहरें निवडलीं गेलीं. कापूस वऱ्हाडचा, पण त्या यादींत विदर्भांतलें एकहि गांव नाहीं. तयार सदऱ्याची बाही लांब पडली म्हणून वाशीमच्या बाजारांत ती आंखूड करून देणाऱ्या शिंप्याची गरज उद्यांहि राहील असें दिसतें.

वाशीम जिल्ह्यांत वेषाचा प्रश्न ज्या ठिकाणीं अगदीं जिवंत आहे तें ठिकाण म्हणजे मानोरा तालुक्यांतलें पोहरादेवी. बंजारा समाजाचें हें श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधि येथें आहे, व रामनवमीस मोठी यात्रा भरते. बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ देशभर वाहणारा हा समाज. रेल्वे आली, तांड्यांचा व्यापार बुडाला, आणि तांडे जागोजाग स्थिरावले. वेष मात्र त्यांनीं बरोबर आणला तो राखला. स्त्रियांचा घेरदार फेटिया, पाठीवर बंदांनीं बांधलेली कांचळी, डोक्यावरून घेतलेली ओढणी, केंसांत गुंफलेली चांदीची घुगरी, दंडापर्यंत चढविलेले बलिये. कापडावर आरशाचे तुकडे, कवड्या व नाणीं टांकलेलीं असतात, आणि भरतकामाचा प्रत्येक टांका घरच्याच बाईनें घातलेला असतो. त्या मानानें पुरुषांचा वेष साधा, धोतर आणि पागोटें. चालत्या संसारांत भिंती नव्हत्या, म्हणून घराची सारी शोभा बाईनें अंगावर वागविली, असें हा वेष पाहतां वाटतें.

हा वेष आतां वृद्ध स्त्रियांपुरता उरत चालला आहे. त्याबद्दल तरुण मुलींना बोल लावण्यांत अर्थ नाहीं. तो जड आहे, उन्हांत तापतो, धुण्यास कठीण आहे, आणि शाळेंत व कचेरींत तो घालून जाणारीकडे लोक टक लावून पाहतात. पोहरादेवी येथें नगाऱ्याच्या आकाराचें बंजारा संग्रहालय उभारलें असून त्याचें उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं झालें.

इकडे शहरांतल्या फॅशनच्या पेढ्यांनीं त्याच वेषांतले तुकडे उचलले आहेत. आरशाचें काम स्त्रियांच्या झग्यांवर येतें, कवड्या पिशव्यांवर येतात, आणि पुरुषांच्या जाकिटावरहि तो चौकटीचा टांका दिसूं लागला आहे. राजशेखराच्या कथेंत लोकांनीं वधूवरांचा वेष पाहून उचलला, त्यांत कोणाचें कांहीं गेलें नाहीं. येथें मात्र जातें. कारण त्या झग्याच्या गळ्याशीं पट्टी आहे, आणि तिच्यावरचें नांव तांड्याचें नाहीं.

यावर एक मार्ग कर्नाटकांतल्या बंजाऱ्यांना सांपडला. तेथें त्यांना लंबाणी म्हणतात. बळ्ळारी भागांतील संदूर येथल्या स्त्रियांचें भरतकाम 'संदूर लंबाणी भरतकाम' या नांवानें भौगोलिक उपदर्शनांच्या नोंदवहींत दाखल झालें आहे. हा कायदा १९९९ सालीं संमत झाला व सप्टेंबर २००३ पासून अंमलांत आला. पैठणीला व विदर्भांतल्या करवतकाठी वस्त्रांनाहि याच कायद्याखालीं नोंद मिळाली आहे. म्हणजे गांवाचें नांव हीच मालाची खूण, ही जुनी रीत पुन्हा एकदां कायद्याच्या भाषेंत लिहिली गेली. त्या नोंदवहीचे दोन भाग असतात. 'अ' भागांत मालाचें व प्रदेशाचें नांव येतें. 'ब' भागांत तें नांव वापरण्याचा अधिकार ज्यांना आहे अशा कारागिरांचीं नांवें येतात, आणि तेथें सुईदोरा हातीं धरणारी एखादी बाई स्वतः अर्ज करून आपलें नांव घालूं शकते.